थैलीतले दोन दगड

‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञा बायबलमधल्या लेवीय या ग्रंथातली (लेवीय १९:१८). ती बहुधा सुटीच सांगितली जाते, म्हणून तिच्या आगेमागे काय आहे हे नजरेतून निसटते. त्याच अध्यायात शेताचे कोपरे कापू नका, सरवा वेचू नका, मजुराची मजुरी रात्रभर अडवून ठेवू नका, असे आहे. ३४ वे वचन परदेशीयावरही तशीच प्रीती करायला सांगते आणि ३५-३६ लगेच तराजू, वजने, एफा (धान्याचे माप) आणि हिन (तेलासारख्या पातळ पदार्थांचे माप) यांवर येतात. हा क्रम मुद्दाम असावा असे वाटते, कारण गावची मापे ठाऊक नसलेला परका माणूस सर्वांत आधी फसतो.

यहूदात, म्हणजे यरुशलेमभोवतीच्या राज्यात, सुरुवातीला नाणी नव्हती. ती पर्शियन अमलात आली. त्याआधी चांदी तोलूनच द्यायची. यिर्मया या संदेष्ट्याने अनाथोथ गावचे शेत घेतले तेव्हा १७ शेकेल (शेकेल हे वजनाचे एकक) चांदी तराजूत तोलून दिली (यिर्मया ३२:९). त्या प्रदेशातल्या उत्खननांत इ.स.पू. ८व्या-७व्या शतकांतली चुनखडीची घुमटाकार वजने सापडली आहेत. त्यांवरून शेकेल सुमारे ११.३ ग्रॅम भरतो, म्हणजे यिर्मयाची चांदी साधारण १९२ ग्रॅम. वजने हाताने घडवलेली असल्याने त्यांत थोडा फरक राहतोच. बायबलच्याच ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथातल्या २५:१३ या वचनाचा रोख त्या फरकावर नाही. तिथे मूळ हिब्रूत ‘दगड आणि दगड’ असे शब्द आहेत : एक जड, एक हलका. वापरणे दूरच, दोन्ही थैलीत बाळगायलाच मनाई आहे.

दोन दगडांचे काम आमोस या संदेष्ट्याच्या ग्रंथात (आमोस ८:५) उघड होते. व्यापारी एफा लहान करतात आणि शेकेल मोठा. धान्य द्यायचे माप तोकडे, गिऱ्हाइकाची चांदी तोलायचे वजन जड. माप दहावा हिस्सा कमी आणि वजन दहावा हिस्सा जास्त धरले, तर धान्य सुमारे २२ टक्के महाग पडते. एकेकटा फेरफार पाहणाऱ्याला मात्र किरकोळच वाटतो. वर गव्हाचे भुसकटही विकायचे, ते पुढच्याच वचनात आहे. तराजूची दांडी एका बाजूला किंचित आखूड ठेवूनही काटा मारता येतो. ते पकडायला माल आणि वजन यांची पारडी बदलून पाहावी : दांडी खोटी असेल तर तोल ढळतो. दगडच खोटा असेल तर मात्र या अदलाबदलीने काही कळत नाही, दुसऱ्या खऱ्या वजनाशी ताडूनच पाहावे लागते.

फसवून घेतलेले परत करायचे तर मूळ वस्तू आणि वर पाचवा हिस्सा, असे लेवीय ६:५ सांगते. दोषार्पण (अपराधाबद्दल देवाला वाहायचा बळी) आहेच, पण भरपाई त्याच दिवशी मालकाच्या हातात पडायला हवी.

पुढे इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नाने, म्हणजे यहूदी धर्मनियमांच्या संग्रहाने (बाबा बाथ्रा ५:१०), याचे दुकानदारासाठी वेळापत्रकच केले : मापे आठवड्यातून दोनदा धुवावीत, वजने आठवड्यातून एकदा पुसावीत, तराजू प्रत्येक तोलानंतर पुसावा. तेल-मध मापाच्या तळाशी चिकटून वाळले की माप आपोआप लहान होते आणि लबाडी न करताही गिऱ्हाइकाला कमी जाते. कोरड्या मालाच्या मापांना म्हणूनच ही सक्ती नाही. शिवाय मालाचे पारडे चार बोटे खाली झुकवून द्यायचे. चोख तोल हा इथे किमान हिशेब; सद्भाव त्या चार बोटांत.

नव्या करारातल्या लूकच्या शुभवर्तमानातले (लूक ६:३८) ‘चांगले, दाबून, हालवून व शीग भरून’ दिलेले माप याच बाजारातले आहे. धान्य सैल ओतले तर दाण्यांमध्ये पोकळी राहते. माप हालवले की दाणे बसतात, दाबले की आणखी जागा होते, आणि वर शीग चढली की काठावरून सांडू लागते.