व्हिएन्नाची प्रत आणि नेपल्सची प्रत

दियोस्कोरिदेस हा पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य. कुठल्या दुखण्यावर कुठली वनस्पती, हे त्याने लिहून ठेवलं आणि पुढे दीड हजार वर्षं वैद्य त्याचाच ग्रंथ उघडत राहिले. त्याच्या दोन जुन्या सचित्र ग्रीक हस्तलिखितांची मात्र सारखी गल्लत होते. होणारच, दोन्ही प्रती दोनशे वर्षं व्हिएन्नाच्या एकाच ग्रंथालयात होत्या.

पान समोर असेल तर ओळख सोपी. पानभर एकच झाड असेल तर प्रत व्हिएन्नाची. वरच्या अर्ध्या भागात झाडं आणि त्याखाली अरुंद रकान्यांत मजकूर असेल तर नेपल्सची. औषध करणाऱ्याला हीच दुसरी मांडणी सोयीची, असं माझं मत.

व्हिएन्नाची प्रत मुळात नजराणाच. साधारण ५१२ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये ती अनिकिया युलियाना या राजघराण्यातल्या बाईंसाठी तयार झाली. त्यांनी चर्च बांधून दिलं होतं, त्याची ही परतफेड. सुरुवातीच्या एका चित्रात शोधाची देवता दियोस्कोरिदेसला माणसाच्या आकाराची मँड्रेकची मुळी देते आहे आणि शेजारी एक कुत्रा प्राण सोडतो आहे. ही मुळी उपटणारा मरतो अशी समजूत होती, म्हणून ते काम कुत्र्याच्या गळ्यात!

नेपल्सची प्रत साधारण शंभर वर्षांनी धाकटी, आणि एवढा थाट तिच्यात नाही.

दोघी व्हिएन्नाला पोचल्या त्या मात्र अगदी वेगळ्या वाटांनी. पहिली विकत घेतलेली. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं तरी ती तिथेच राहिली, पानांवर झाडांची अरबी-तुर्की नावं चढली, पुढे सुलतान सुलेमानचे ज्यू वैद्य मोझेस हामोन यांच्याकडे आली. त्यांच्या मुलाने शंभर डुकाट मागितले. ऑस्ट्रियाचा राजदूत बुस्बेक याने कळवलं की ही रक्कम सम्राटाच्या खिशाला झेपेल, माझ्या नाही; आणि वरून प्रत इतकी किडलेली की रस्त्यात पडलेली दिसली तरी कुणी उचलणार नाही. १५६९ मध्ये ती सम्राट दुसऱ्या माक्सिमिलियनकडे गेली.

दुसरी मात्र उचलून नेलेली. नेपल्सवर हाब्सबुर्गांची, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राजघराण्याची, सत्ता असताना १७१८ मध्ये ती सान जोव्हान्नी आ कार्बोनारा मठातून व्हिएन्नाला हलवली गेली. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया हरल्यावर १९१९ मध्ये ती इटलीला परत मिळाली. आज ती नेपल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, तरी तिच्या लॅटिन नावात ‘पूर्वी व्हिएन्नाची’ ही खूण कायम आहे. त्यामुळे १९१९ पूर्वीच्या एखाद्या लेखात ‘व्हिएन्नातली प्रत’ एवढंच दिसलं तर आधी चित्रांची मांडणी बघावी.