झरमॅट की चेर्विनिया? एका डोंगराच्या दोन बाजू

आल्प्समधील मॅटरहॉर्न शिखराच्या उत्तरेला स्वित्झर्लंडचे झरमॅट आणि दक्षिणेला इटलीचे चेर्विनिया वसले आहे. दोन्हीकडचे मिळून सुमारे ३६० किलोमीटरचे स्कीइंगचे उतार लिफ्टने (डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यांनी) जोडलेले असून एकाच आंतरराष्ट्रीय पासवर ते खुले होतात. त्यामुळे ‘स्कीइंग तर तेच, मग स्वस्त पडेल तिथे उतरू’ असा हिशेब पुष्कळ जण मांडतात. खर्चापुरता तो बरोबर आहे, कारण राहणे आणि जेवणखाण इटलीच्या बाजूला बरेच स्वस्त पडते. मात्र सुट्टी कशी जाईल, हे त्यावरून ठरत नाही.

नवशिक्याला चेर्विनिया सोपे जाते. गावच २,०५० मीटरवर आहे आणि वरचे उतार रुंद व लांबलचक आहेत, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशीच आपल्याला स्कीइंग येते असा सुखद गैरसमज होऊ शकतो. १,६२० मीटरवरील झरमॅटमध्ये सुनेगा-रोथहॉर्न, गोर्नरग्राट आणि हिमनदीचा भाग अशी तीन वेगळी क्षेत्रे असून सरावलेल्या माणसाला तिथे अधिक वैविध्य मिळते. घरातील कोणी स्कीइंग करणारच नसेल तर माझा कौल निःसंशय झरमॅटला. १८९८ पासून धावणारी दातेरी रुळांची रेल्वे ३,०८९ मीटरवरील गोर्नरग्राटला नेते, गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे, आणि जिनिव्हा किंवा झुरिक विमानतळावरून अगदी गावापर्यंत रेल्वेने पोहोचता येते. चेर्विनियाला मिलान किंवा तुरिनहून शेवटचा टप्पा रस्त्यानेच गाठावा लागतो आणि स्की न करणाऱ्याचा वेळ तिथे जाता जात नाही.

खरी मेख सरहद्द ओलांडण्यात आहे. दोन्ही बाजू सुमारे ३,४८० मीटरवरील टेस्टा ग्रिजा येथे भेटतात, आणि इतक्या उंचीवर वारा वाढला की लिफ्ट बंद होतात. २०२३ मध्ये तिथून झरमॅटच्या बाजूच्या ३,८८३ मीटरवरील क्लाइन मॅटरहॉर्न शिखरापर्यंत केबल कार सुरू झाल्याने स्की न घालताही पलीकडे जाता येते. तीही वाऱ्यापुढे थांबू शकते. दुपारी पलीकडे अडकलात तर परतीचा मार्ग डोंगराला वळसा घालून जाणाऱ्या रस्त्याचा, म्हणजे काही तासांचा आणि टॅक्सीने खिसा रिकामा करणारा. म्हणून इटलीत जेवायला जाण्याचा बेत निरभ्र, शांत हवेच्या दिवशीच आखावा आणि परतीच्या शेवटच्या लिफ्टची वेळ सकाळीच पाहून ठेवावी. ज्यांना सरहद्द एखाद्या दिवशीच ओलांडायची आहे, त्यांनी सबंध आठवड्याचा आंतरराष्ट्रीय पास घेण्याआधी हवामानाचा अंदाज पाहावा. वारा सुटला तर जास्तीचे पैसे वाया जातात.

शेंगेन व्हिसा दोन्ही देशांत चालतो, त्यामुळे कागदपत्रांचा वेगळा घोळ नाही. फक्त इटलीच्या उतारांवर २०२२ पासून इतरांना होणाऱ्या इजेचा किंवा नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. झरमॅटला राहून दिवसभरासाठी पलीकडे जाणाऱ्यालाही तो लागतो.