गेमची कॉपीराइट नोंदणी: अर्ज कोण करू शकतो, कागद कोणते, खर्च किती

सोलापुरात गेम करणाऱ्या पोरांना कायद्याचं विचारलं की बहुतेकांची भीती एकच असते: ‘आमची आयडिया कोणी चोरली तर?’ खरी भांडणं मात्र घरातलीच असतात. चौघांनी मिळून गेम केला, त्यातला एक पुण्याला नोकरीला गेला, आणि आता त्याने काढलेली चित्रं वापरायची की नाही यावर तीन महिने काम अडलं. नोंदणीचा अर्ज नेमका याच ठिकाणी अडतो, म्हणून आधी त्याबद्दल.

आयडियाचं उत्तर छोटं आहे. कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, ती ज्या रूपात मांडली त्या रूपाला मिळतो. पेटंटचाही रस्ता बंद आहे: १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये ‘खेळ खेळण्याची पद्धत’ शोध मानायचा नाही असं स्पष्ट लिहिलंय. कोलकात्याच्या दोन भावांनी ‘स्क्रॅब्युलस’ हा शब्दखेळ आणला तेव्हा ‘स्क्रॅबल’वाली मॅटेल कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २००८ मध्ये न्यायालयाने पट आणि नियमांवरच्या कॉपीराइटसाठी अंतरिम मनाई दिली नाही, नाव वापरायला मात्र मनाई केली. म्हणजे कोड, चित्रं, संगीत, संवाद यांना कॉपीराइट, नावाला ट्रेडमार्क, आणि नियम सगळ्यांचे.

आता मालकी. समजा, सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेवर गेम केलाय. एकाने कोड लिहिला, एकीने होम मैदान आणि नंदीध्वजांची चित्रं काढली, तिसऱ्याने हलगी वाजवून रेकॉर्ड केली. गेम ‘आपल्या सगळ्यांचा’ असं तिघंही म्हणत असतील, पण कायद्याच्या हिशेबात प्रत्येकजण आपापल्या तुकड्याचा मालक आहे. पगारावर ठेवलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं होतं. मित्र किंवा सुटं काम घेणारा चित्रकार पगारी नोकर नसतो. त्याला पैसे दिले म्हणून हक्क प्रत्येक वेळी आपोआप तुमच्याकडे येतोच असंही नाही.

त्यामुळे हक्क लेखी घ्यावा लागतो, सहीसकट. कॉपीराइट कायद्याचं कलम १९ इथे नीट वाचण्यासारखं आहे. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. प्ले स्टोअरवर गेम जगभर जातो आणि तुमच्याकडे चित्रांचा हक्क फक्त भारतापुरता, असा प्रकार होतो. शिवाय मिळालेला हक्क १ वर्षात वापरला नाही तर, करारात वेगळं म्हटलं नसल्यास, तो सुटतो. गेम दोन-दोन वर्षं रखडणं आपल्याकडे नवीन नाही. तेव्हा कोणतं काम, कोणते हक्क, किती काळ, कुठे आणि मोबदला किती, हे पाचही मुद्दे लिहा. टीममधलं कोणी १८ च्या खालचं असेल तर त्याची सही चालत नाही. अल्पवयीनाने केलेला करार कायद्याने रद्दबातल असतो, पालकांना सोबत घेऊन वकिलाला विचारा.

यात्रेतलं एखादं पारंपरिक गाणं कोणाच्याही मालकीचं नसेल, पण कोणीतरी केलेलं त्याचं रेकॉर्डिंग असतं. ते उचलून गेममध्ये टाकू नका.

आता अर्ज. मुळात नोंदणी सक्तीची नाही, काम तयार झालं की कॉपीराइट असतोच. पण न्यायालयात नोंदवहीतला उतारा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो, आणि खर्च फार नाही. अर्ज कामाचा लेखक करू शकतो, हक्क घेतलेली व्यक्ती किंवा कंपनीही करू शकते. त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही, केंद्राच्या कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर खातं उघडून नमुना १४ भरायचा. एका कामाला एक अर्ज. कोड कायद्यात ‘साहित्यकृती’त मोडतो (हसू येतं, पण व्याख्याच तशी आहे), त्याचं शुल्क ५०० रुपये. चित्राचंही ५००. ध्वनिमुद्रणाला २,००० रुपये. मालावर वापरायचा लोगो कलाकृती म्हणून नोंदवायचा तर २,००० रुपये, आणि वर तसा दुसरा ट्रेडमार्क नसल्याचा, ट्रेडमार्क कार्यालयाचा शोध दाखला लागतो. सगळ्याच गोष्टी नोंदवायच्या मागे लागू नका. माझ्या मते कोड आणि मुख्य पात्रांची चित्रं पुरेत.

कागदपत्रं: अर्जदार लेखक नसेल तर लेखकाचं ना-हरकत पत्र किंवा हस्तांतराचा करार. गेम दुसऱ्या कोणी प्रकाशित केला असेल तर त्याचंही ना-हरकत पत्र. वकिलामार्फत अर्ज असेल तर वकीलपत्र. आणि कामाची प्रत. कोडच्या बाबतीत पहिली १० आणि शेवटची १० पानं द्यावी लागतात, एकूण २० पेक्षा कमी असतील तर सगळीच. मजकूर काळा करून चालत नाही. ही २०२१ ची दुरुस्ती आहे. जुन्या माहितीत सोर्स कोडसोबत ऑब्जेक्ट कोडही (त्याचं यंत्राला कळणारं रूप) मागितलेला दिसतो, ते सोडून द्या. पासवर्ड किंवा सर्व्हरच्या चाव्या त्या पानांत राहिल्या नाहीत ना, हे अपलोड करण्याआधी बघा.

शुल्क भरलं की डायरी क्रमांक मिळतो. पुढे ३० दिवस हरकतींसाठी थांबावं लागतं. कोणाची हरकत आली तर दोन्ही बाजू ऐकतात, नाही तर तपासनीस कागद पाहतो आणि त्रुटी असल्यास पत्र पाठवतो. त्या पत्राला दिलेल्या मुदतीत उत्तर द्या. सोडून गेलेल्या मित्राचं ना-हरकत पत्र नसेल तर गाडी इथेच अडते.

नावासाठी ट्रेडमार्कचा अर्ज वेगळा, नमुना टीएम-ए. ऑनलाइन भरल्यास व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला प्रत्येक वर्गाला (म्हणजे माल किंवा सेवेच्या प्रकाराला) ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. लघुउद्योग म्हणून सवलत हवी तर उद्यम प्रमाणपत्र जोडा. डाउनलोड करायचा गेम वर्ग ९ मध्ये येतो, ऑनलाइन खेळवण्याची सेवा वर्ग ४१ मध्ये. नाव आधीपासून वापरात असेल तर कधीपासून, याचं प्रतिज्ञापत्र आणि पुरावे लागतात. नाव देवनागरीत असेल तर त्याचं रोमन लिप्यंतर आणि अर्थही तयार ठेवा. ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये अर्ज छापून आल्यावर ४ महिने कोणीही विरोध करू शकतो. नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण.

गेममध्ये पैसे लावून पैसे जिंकण्याचा भाग असेल तर वरचं काहीही करण्याआधी थांबा. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात असे खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘कौशल्याचा खेळ आहे’ ही ढाल तिथे चालत नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, जिल्हा न्यायालयात. महिला, १८ वर्षांखालची मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे अर्जदार आणि अपंग व्यक्ती यांना तिथे उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. कायद्यातल्या ‘विधी सेवा’ या व्याख्येत नुसता सल्लाही येतो, त्यामुळे खटला उभा राहायची वाट बघायला नको. साध्या कागदावरचा अर्ज, ओळखपत्र, आणि लागू असेल ते: जातीचा दाखला, अपंगत्वाचं प्रमाणपत्र किंवा उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००. जाताना मित्रांमधला करार, नसेल तर कोणी काय करायचं ठरलं ते दाखवणारे मेसेज तारखांसकट छापून न्या, आणि कोड साठवलेल्या खात्याचा इतिहासही.