मुलांच्या आतड्यांचा दाह: रक्तचाचण्या इथवर कशा आल्या

महिनोन्महिने पोटदुखी, वारंवार जुलाब, वजन जागच्या जागी आणि उंची खुंटलेली, असं मूल समोर आलं की क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाच्या दोन आजारांची शंका घ्यावीच लागते. खात्री मात्र दुर्बिणीने आतडं पाहून आणि बायोप्सी घेऊनच होते. लहान मुलाला त्यासाठी बहुधा भूल द्यावी लागते. म्हणून दुर्बीण कोणाला खरोखर लागेल हे आधी रक्तावरून कळावं, ही डॉक्टरांची जुनी गरज आहे.

सर्वांत जुनी चाचणी ईएसआर, म्हणजे तांबड्या पेशी तळाशी बसण्याचा वेग; दाहात तो वाढतो. पोलंडच्या एडमुंड बियेरनात्स्की यांनी १८९७ मध्ये तिचं वर्णन केलं. १९२१ मध्ये स्वीडनच्या आल्फ वेस्टरग्रेन यांनी तिची पद्धत बसवली. चार भाग रक्तात एक भाग सोडियम सायट्रेट मिसळायचं, नळी सरळ उभी ठेवायची आणि तासाभराने तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते वाचायचं. नळी किंचित कलली तरी आकडा फुगतो. ॲनिमियातही तो फुगतो, आणि या मुलांमध्ये ॲनिमिया नेहमीचाच.

सीआरपी हे दाहात वाढणारं प्रथिन १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. ते यकृतात तयार होतं आणि सुमारे १९ तासांत निम्मं होतं, त्यामुळे दाह उतरला की दोन-तीन दिवसांत खाली येतं. ईएसआर मात्र रेंगाळतो. अडचण अशी की अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये दाह आतड्याच्या आतल्या अस्तरापुरता राहतो आणि सीआरपी अनेकदा नॉर्मलच येतं. उलट साध्या संसर्गानेही ते चढतं.

मग अँटिबॉडींचा काळ आला. यीस्टविरुद्धची अँटिबॉडी आस्का १९८८ मध्ये क्रोन्सशी जोडली गेली, आणि १९९० च्या सुमारास पी-अँका ही पांढऱ्या पेशींविरुद्धची अँटिबॉडी अल्सरेटिव्ह कोलायटिसशी. एका सॅम्पलमध्ये दोन्ही आजार वेगळे ओळखता येतील, अशी मोठी आशा होती. ती पुरी झाली नाही. आस्का सीलिॲकमध्येही (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या आतड्याच्या आजारात) पॉझिटिव्ह येते. ज्या मुलात आयजीए हा अँटिबॉडीचा प्रकार मुळातच कमी आहे, त्याची आयजीए आस्का खोटी निगेटिव्ह येते. आणि क्रोन्स मोठ्या आतड्यापुरता असला तर पी-अँकाही सापडते. आज या चाचण्या दोन्हींपैकी आजार कोणता हे ठरत नसेल तेव्हा आधाराला घेतात, निदानाला नाही.

२००७ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या नव्याने निदान झालेल्या मुलांचे आकडे प्रसिद्ध झाले, ते आमच्या मते या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि ईएसआर या चारही चाचण्या सौम्य क्रोन्सच्या २१ टक्के आणि सौम्य अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या ५४ टक्के मुलांत नॉर्मल होत्या. म्हणजे रिपोर्ट चांगला आला म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही.

ही उणीव बऱ्याच अंशी शौचाच्या चाचणीने भरून काढली. पांढऱ्या पेशींतलं कॅल्प्रोटेक्टिन हे प्रथिन नॉर्वेत १९८० मध्ये वेगळं केलं गेलं आणि १९९२ मध्ये ते शौचातून मोजता येऊ लागलं. प्रतिग्रॅम ५० मायक्रोग्रॅम ही नेहमीची सीमा. पण चार वर्षांखालच्या निरोगी मुलांतही आकडा याहून जास्त असू शकतो. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आणि जुलाबाचा संसर्ग यांनीही तो वाढतो.

रिपोर्ट वाचताना फेरिटिन, म्हणजे लोह साठवणारं प्रथिन, हमखास फसवतं. दाहात ते आपोआप चढतं, म्हणून सीआरपी वाढलेलं असताना फेरिटिन ‘नॉर्मल’ दिसलं तरी शरीरात लोह कमी असू शकतं. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहणारं प्रथिन लोहाने किती भरलं आहे, तेही सोबत पाहावं. आणि उंची-वजनाचा आलेख खाली घसरत असेल, तर रक्ताचे सगळे आकडे नॉर्मल असले तरी कॅल्प्रोटेक्टिन करून घ्यावं.