समग्र मागणी

समग्र मागणी : दिलेल्या मूल्यपातळीला (वस्तू व सेवांच्या किमतींच्या सर्वसाधारण पातळीला) देशात निर्माण होणाऱ्या सर्व अंतिम वस्तू व सेवांवर कुटुंबे, उद्योजक, सरकार आणि परदेशी ग्राहक ठरावीक काळात मिळून जेवढा खर्च करू इच्छितात, त्याची बेरीज. महामंदीत कारखाने व कामगार रिकामे का राहिले, याचे उत्तर ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये या मागणीच्या अपुरेपणात शोधले.

उपभोग, गुंतवणूक, सरकारी खर्च व निव्वळ निर्यात (निर्यात वजा आयात) हे तिचे घटक असून भारतात उपभोगाचा वाटा निम्म्याहून अधिक असतो. रत्नागिरीच्या बाजारातून घरी आणलेली सुरमई हा उपभोग, मच्छीमाराने बांधून घेतलेली नवी नौका ही गुंतवणूक, सरकारने उभारलेली जेटी हा सरकारी खर्च, तर आखाती देशांत गेलेला हापूस ही निर्यात होय. कोकणातील कारखान्यांत फोडल्या जाणाऱ्या आफ्रिकी काजू बीची किंमत मात्र आयात म्हणून वजा होते. जुनी नौका घेणे ही त्या मच्छीमाराच्या दृष्टीने गुंतवणूकच असली, तरी त्या खरेदीमुळे नवी नौका तयार होत नसल्याने तिची किंमत येथे धरत नाहीत. निराधारांना मिळणारे अनुदानही ते खर्च झाल्यावरच, उपभोग म्हणून, मोजले जाते.

एका वस्तूच्या मागणीशी समग्र मागणीची गल्लत करू नये. बांगडा महागला तर गिऱ्हाईक तारलीकडे वळते; सर्वच किमती वाढल्यावर असे वळायला जागा उरत नाही. तरीही मूल्यपातळी चढली की समग्र मागणी घटते, कारण हातातील पैशाची खरेदीशक्ती कमी होते, व्याजदर वाढून गुंतवणूक रोडावते आणि देशी माल परदेशी मालाच्या तुलनेत महाग ठरतो.

मूळ खर्चाच्या किती पट उत्पन्न वाढते हे सांगणारी संख्या म्हणजे गुणक. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड कान यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या गुणकाच्या तत्त्वानुसार वाढीव उत्पन्नातील दर १०० रुपयांपैकी ८० रुपये खर्च होत असतील आणि कर व आयातीची गळती नसेल, तर मूळ खर्चाच्या पाचपट उत्पन्न वाढते. कोकणाच्या बाबतीत ही गळतीच निर्णायक आहे. गणेशोत्सवात चाकरमान्यांनी मुंबईहून आणलेला पैसा चिपळूण-कणकवलीच्या बाजारात उतरतो, तेव्हा या प्रदेशापुरती मागणी वाढते. देशाच्या हिशेबात बहुतांशी खर्चाची जागाच बदललेली असते. त्यातही घाटावरून येणारी भाजी, कांदे व किराणा यांच्यापोटी बरीच रक्कम लगेच बाहेर जात असल्याने प्रादेशिक गुणक लहान राहतो. काजूप्रक्रिया किंवा मासळीची शीतगृहे यांत होणारी गुंतवणूक मागणी वाढवते आणि पुढील उत्पन्नाचा मोठा भाग याच किनाऱ्यावर राखते; सणासुदीच्या खर्चाने एवढे साधत नाही.