हिप्परग्याचा तलाव: मातीनं पाणी अडवलंय कसं?

सोलापुरातून तुळजापूर रोडला लागलं की थोड्याच वेळात हिप्परग्याचा तलाव दिसतो, सरकारी नाव एकरुख. येताजाता सगळेच बघतात, पण आदिला नदीवरचा हा बांध 1871 सालचा आहे आणि तोही मातीचा, हे सांगितलं की भले भले चकित होतात. लांबी 2360 मीटर, उंची साडेएकवीस मीटरच्या आसपास, म्हणजे सात मजली बिल्डिंगएवढा भराव आणि तो सलग सव्वादोन किलोमीटरच्या वर!

मग माती विरघळून का जात नाही? काळ्या मातीचे कण एकदम बारीक, ती थरावर थर देऊन ओली करून दाबली की पाणी तिच्यातून मुंगीच्या पावलानं सरकतं. पण तीच वाळली की तडकते, मे महिन्यात आपल्या रानात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तेच. म्हणून मातीच्या बांधात चिकट माती पोटात ठेवतात आणि वरून मुरूम चढवतात, आणि पाण्याकडच्या अंगाला दगडाचं पिचिंग, म्हणजे दगड रचून केलेलं आवरण, नाहीतर वाऱ्याच्या लाटा रोज थोडा थोडा बांध खातील.

असा बांध थोडा पाझरतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पायथ्याला नितळ पाणी दिसलं तर ठीक, गढूळ यायला लागलं की आतली माती वाहून चाललीय, मग मात्र पळापळ करायची. बांधावरची बाभळ पण याचसाठी काढतात, झाड मेलं की मूळ कुजतं आणि पाण्याला आयती वाट मिळते. मला आधी ती झाडं तोडलेली बघून वाईट वाटायचं, आता ठेवलेली दिसली की जास्त काळजी वाटते.

सगळ्यात मोठा धोका म्हणजे पाणी माथ्यावरून जाणं, माती काही तासांत कापली जाते. म्हणून सांडवा माथ्यापेक्षा खालच्या लेव्हलला असतो, जास्तीचं पाणी तिथूनच जातं. 'सांडव्यावरून पाणी पडलं' ही आपल्यासारख्या दुष्काळी भागात केवढी आनंदाची बातमी!

साठवण 61 दशलक्ष घनमीटर, म्हणजे 2 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) थोडी वर, उजनी धरणाच्या 117 टीएमसीपुढे काहीच नाही. त्यात ऊन पाणी उडवतं आणि गाळ जागा खातो. पण हा गाळ म्हणजे आदिलेनं वरच्या रानांतून धुऊन आणलेली मातीच, उन्हाळ्यात उपसून ट्रॅक्टरनं शेतात टाकली की तलावात तेवढी जागा पाण्याला मोकळी होते.