दाढ काढण्याआधी हाडाचं विचारा

दाढ ठणकायला लागली की आपल्याकडे आधी लवंग, मग मेडिकलवरची गोळी, आणि रात्रीची झोपच उडाली की "डॉक्टर, काढून टाका एकदाची." बीड, परभणी, लातूर, कुठल्याही दातांच्या दवाखान्यात हे रोज ऐकू येतं. दाढ निघते, ठणका थांबतो आणि नवीन दात बसवायचं "सुगी झाल्यावर बघू" म्हणून राहून जातं. त्या काळात जबडा मात्र थांबत नाही.

मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो. चावण्याचा दाब त्यातूनच हाडाला पोचतो. दात गेला की हा थर जातो आणि मुळाला चिकटून असलेलं हाड शरीर विरघळवून टाकतं. गालाकडची, ओठाकडची भिंत आधी खचते. पुढच्या दातांपाशी ती बहुधा १ मिलिमीटरहूनही पातळ असते. डेन्मार्कमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाढा-उपदाढा काढलेल्या जागी वर्षभरात हाडाची रुंदी जवळपास निम्म्यावर आली होती, आणि त्यातली दोन तृतीयांश झीज पहिल्या तीन महिन्यांतली होती. म्हणजे "नंतर बघू" म्हणतो तेच महिने सगळ्यात महागात पडतात.

नवीन दात ज्यावर बसतो तो इम्प्लांट म्हणजे हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, साधारण ४ मिलिमीटर जाडीचा. त्याच्या चहूबाजूंनी हाड लागतं. ते नसेल तर आधी हाड वाढवण्याची वेगळी शस्त्रक्रिया करावी लागते.

ही झीज बरीच कमी करता येते, पण तयारी दात काढतानाच हवी. दात हिसका देऊन न उपटता कडेचे तंतू सोडवत, गरज पडल्यास मुळं वेगळी करून अलगद काढतात. खळगा खरवडून स्वच्छ करतात. त्यात रव्यासारखे हाडाचे कण भरतात, वर कोलॅजन या प्रथिनाचा पातळ पडदा ठेवून टाके घालतात. त्या कणांच्या आधाराने चार-सहा महिन्यांत नवं हाड धरतं. झीज पूर्ण थांबत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगायलाच हवं.

हे कण कशाचे आहेत तेही विचारा. काही गाईबैलांच्या हाडापासून बनतात, काही माणसाने दान केलेल्या हाडापासून, काही पूर्णपणे कृत्रिम असतात. श्रद्धेचा प्रश्न असेल तर कृत्रिम कण मागण्यात संकोच कसला?

प्रत्येकाला कण भरण्याचा हा खर्च लागतोच असं नाही. इम्प्लांट करायचाच नसेल, किंवा भिंती शाबूत असून तो लगेच बसणार असेल, तर गरज पडेलच असं नाही. खर्चाबद्दल शंका वाटली तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दुसरं मत घ्यावं.

आणि तंबाखू. मळलेला चुना-तंबाखू, गुटखा, बिडी, दातांना लावायची मिश्री, यांनी जखम भरायला उशीर होतो. साखर आटोक्यात नसेल तरी तेच. या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना दात काढण्याआधीच सांगा. टाके निघेपर्यंत तरी तंबाखूची पुडी घरात नको.